पॉइंट चार माणूस

आमच्या ऑफिसात मार्कवाल्या बाईंचं टेबल खिडकीपासून सगळ्यात लांब, जिन्याच्या दाराला खेटून आहे. दार उघडलं की त्यांच्या खुर्चीच्या पाठीला लागतं. येणारा म्हणतो, ‘सॉरी बाई,’ आणि बाई मान न वळवता म्हणतात, ‘असू दे.’ कित्येक वर्षं हे असंच चाललंय. लोकांना उजेडाची घरं आखून देणारं आमचं ऑफिस, आणि कुठल्या घरात किती उजेड येईल हे सांगणारी बाई दिवसभर ट्यूबलाइटखाली. एकदा न राहवून मी साहेबांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, ‘अहो, तिथे पडद्यावर चकाकी येत नाही.’ साहेब आर्किटेक्ट आहेत. कुठल्याही गैरसोयीचं कारण त्यांच्याकडे तयार असतं.

मी त्याच ऑफिसात खर्चाचे अंदाज काढतो. विटा किती लागतील, सळ्या किती, मजूर किती, आणि शेवटी बिल्डर किती बोंबलेल. म्हणून सगळे मला ‘अंदाजपंचे’ म्हणतात. बाई नुसतंच ‘पंचे’ म्हणतात. ‘मार्कवाल्या’ हे नाव त्यांना मी ठेवलं, तेव्हा त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

बाई मूळच्या नकाशे काढणाऱ्या, तेही हाताने काढायच्या काळातल्या. त्यांची रेघ अशी की खोडरबर लाजावं. मग कॉम्प्युटर आले, त्या तेही शिकल्या. मग उजवा खांदा आखडला. माउस धरून दिवसभर रेघा ओढणं जमेना. त्याच सुमारास साहेबांनी एक नवा प्रोग्रॅम आणला होता आणि तो कोणी शिकावा याबद्दल सगळे मूग गिळून बसले होते. साहेबांची नजर फिरत फिरत बाईंवर थांबली. बाई म्हणाल्या, ‘द्या.’ त्या बऱ्याच गोष्टींना असं म्हणतात.

हा प्रोग्रॅम काय करतो ते सांगतो, कारण पुढची सगळी कथा त्याच्यातूनच निघते. इमारतीचं पहिलंवहिलं चित्र म्हणजे नुसते चौकोन असतात. इथे झोपायची खोली, इथे स्वयंपाकघर, इथे जिना. खरी महत्त्वाची गोष्ट तेव्हाच ठरते: कुठली खोली कुठल्या दिशेला तोंड करून बसणार. नंतर फरशी बदलता येते, रंग बदलता येतो, पण एकदा पाया खणला की मग सूर्यालाच विनंती करायची, बाबा, जरा सरक. म्हणून त्या पहिल्या चौकोनांचे तीन-चार पर्याय करायचे आणि बाईंकडे द्यायचे. बाई ते प्रोग्रॅममध्ये भरतात. तो प्रत्येक पर्यायाला उजेडाचे, वाऱ्याचे, उकाड्याचे, विजेचे, बांधकामखर्चाचे आणि घरांच्या संख्येचे मार्क देतो. कशाला किती महत्त्व द्यायचं ते आपण आधी सांगायचं. शेवटी शंभरपैकी एक आकडा येतो, आणि ज्याचा आकडा मोठा तो नकाशा पुढे जातो.

पूर्वी साहेब आणि बिल्डर टेबलावर हात आपटून भांडायचे. आता दोघं आकडा बघतात, मान हलवतात आणि चहा मागवतात.

सुरुवातीला बाईंना त्याची गोडी लागली होती. पडद्यावर इमारत किंचित फिरवायची आणि कोपऱ्यातल्या काळ्या खोलीत उजेड कसा शिरतो ते बघायचं. ‘पंचे, इकडे या, बघा कसा आत आला,’ म्हणून मला हाक मारायच्या, जणू मांजराचं पिल्लूच घरात आलंय. पुढे पुढे हाका कमी झाल्या. बिल्डर कधीच बांधायचे नसलेले पर्याय निव्वळ भरतीला पाठवायला लागले, म्हणजे हवा तो वर दिसावा. बाई सगळे इमानदारीने भरायच्या आणि मधून मधून मान चोळायच्या. ‘पाट्या टाकते हो मी,’ एकदा त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ‘मग आम्ही काय शिल्पं घडवतोय?’ त्यावर त्या हसल्याही नाहीत, इतक्या थकल्या होत्या.

थकव्याचं खरं कारण घरी होतं.

बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. आयुष्यभर लोकांना वर-खाली नेणारी यंत्रं सांभाळली, आणि एका सकाळी दाढी करताना स्वतःच खाली बसले. उजवी बाजू गेली. जीभ थोडी जड झाली, पण डोकं आणि चेष्टा दोन्ही शाबूत. वॉकरची चौकट धरून मोरीपर्यंत जातात, तेवढंच. बाकी दिवसभर पलंग. दुपारी शेजारच्या मावशी डोकावून जातात, आणि बाई ऑफिसातून फोन करतात. त्या फोनवर बाई एकच प्रश्न विचारतात. ‘खोली कशी आहे?’

त्याला कारण होतं. त्यांचं घर आमच्याच ऑफिसने आखलेल्या इमारतीत आहे. त्या इमारतीला मार्क बाईंनीच दिले होते, चौऱ्याऐंशी. तोवर आमच्या कुठल्याच नकाशाला एवढे मिळाले नव्हते. पोराचा निकाल सांगावा तसा त्यांनी तो आकडा यजमानांना सांगितला आणि दोघांनी हिंमत करून तिथे घर घेतलं. हॉल पश्चिमेला, बेडरूम पश्चिमेला, मागे पूर्वेच्या बाजूला चिंचोळं स्वयंपाकघर. दोघं नोकरीवर जायचे तोवर सगळं छान होतं. संध्याकाळी येऊन खिडक्या उघडल्या की वारा खेळायचा.

यजमान पलंगावर पडले आणि पहिला उन्हाळा आला तेव्हा कळलं. दुपार कलली की ऊन खिडकीतून थेट पलंगावर. पडदे लावले, बाहेरून ताडपत्री बांधली, तरी भिंतच तापायची आणि रात्र पडेपर्यंत धग सोडायची. माणसाच्या अंगाची लाही लाही व्हायची आणि त्याला कूससुद्धा नीट बदलता येत नव्हती. एसी लावून पाहिला. गार हवेने तो लुळा हात आखडून अशा कळा यायच्या की डॉक्टरांनीच बंद करायला सांगितलं. बाई सकाळी ओल्या चादरी टांगून यायच्या, पण त्या अकरापर्यंत वाळून कडक.

‘चौऱ्याऐंशी मार्काच्या घरात माणूस असा कसा भाजतो, पंचे?’ बाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, ‘उन्हाळाच कडक आहे.’ ते त्यांना पटलं नाही. त्यांनी खोलीत थर्मामीटर टांगला. प्रोग्रॅम त्या खोलीबद्दल जे सांगत होता आणि थर्मामीटर जे दाखवत होता त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. मग बाईंना वाटलं, आपणच भिंतीची जाडी चुकीची भरली असणार. स्वतःची चूक शोधायला म्हणून त्यांनी ती जुनी फाइल उघडली.

भिंतीची जाडी बरोबर होती, काचाही बरोबर होत्या. त्या मागे मागे जात पहिल्या पानावर पोचल्या. हे पान आम्ही कोणी कधी वाचतच नाही, कारण ते भरूनच येतं. खाली ‘पुढे’ असं बटण असतं, ते दाबायचं आणि कामाला लागायचं. त्या दिवशी बाईंनी दाबलं नाही. त्यांनी मला हाक मारली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

‘हे वाचा.’

मी वाचलं. घरातली माणसं: सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, शून्य.

‘म्हणजे काय?’

‘म्हणजे दिवसा आमच्या घरात कुणी नसतं म्हणे,’ बाई म्हणाल्या. ‘कुणी नाही, तर उकाड्याचा त्रास कुणाला? म्हणून पूर्ण मार्क.’

मी कपाळावर हात मारला. खरं तर हसू यायला हवं होतं. इतकी वर्षं, इतक्या इमारती, आणि प्रत्येकीत दिवसा घर रिकामं धरलेलं. ज्याने तो प्रोग्रॅम बनवला तो दिवसा ऑफिसात. ज्यांनी विकत घेतला ते ऑफिसात. साहेब, मी, बाई, सगळे नऊ ते सहा ऑफिसात. दुपारी तीन वाजता घर कसं असतं हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं, म्हणून ते शून्य कुणाच्या डोळ्यांत खुपलं नाही. घरात राहणाऱ्यांना कुणी विचारलं असतं तर पहिल्या दिवशी कळलं असतं.

याच वेळी त्याच आवारातल्या दुसऱ्या इमारतीचे पर्याय टेबलावर होते. बिल्डर तोच. त्याने बाईंना पूर्वीच शब्द दिला होता, ‘मॅडम, दुसरी इमारत झाली की तुम्हाला घर बदलून देतो, त्यात काय.’ वेगळं घर घेणं आता त्यांच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून बाईंचं सगळं लक्ष त्या शब्दाकडे. पर्याय तीन होते. पहिल्यात बेडरूम पश्चिमेला, पण घरं जास्त बसत होती. दुसरा नुसता भरतीचा. तिसऱ्यात जिना, लिफ्ट आणि मोऱ्या पश्चिमेला आडोशासारख्या घातल्या होत्या आणि झोपायच्या खोल्या पूर्वेला. मात्र प्रत्येक मजल्यावर एक घर कमी. तिसरा झाला तर यजमानांना गार खोली मिळणार, पहिला झाला तर पुन्हा तीच भट्टी. बाईंचा जीव त्या तिसऱ्या नकाशात अडकला होता.

त्यांनी शून्य पुसून एक केलं आणि प्रोग्रॅम चालवला. तिसरा सरळ वर आला. अर्धा माणूस धरून पाहिला. तरीही तिसराच वर, थोडक्यात का होईना. मग उठून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि सगळं सांगितलं, आपला यात स्वार्थ आहे हेसुद्धा. बाईंचं हे मला कधी जमलं नसतं.

साहेबांनी ऐकून घेतलं. नाकाचा शेंडा चोळला. ‘शून्य चूकच आहे,’ ते म्हणाले. ‘मीटिंगमध्ये मांडू.’

मीटिंगला मीही होतो, माझे अंदाज घेऊन. बिल्डर म्हणजे दोन फोन आणि एक ढेकर देणारं पोट. माणूस वाईट नाही. डोळ्यांखाली काळं आलेलं, झोप झालेली नसते. साहेबांनी त्याला पहिलं पान दाखवलं. तो म्हणाला, ‘अहो, माझीसुद्धा आई दिवसभर घरीच असते की.’ बाईंनी मान वर केली. मला वाटलं, जमलं.

मग त्याने फोनवर कुणाला तरी विचारलं. गिऱ्हाइकांकडून माहिती भरून घेतात म्हणे, घरात कोण कोण, दिवसा कोण असतं. उत्तर आलं. दहापैकी चार घरांत दिवसा कुणीतरी असतं.

‘मग पॉइंट चार टाका,’ बिल्डर म्हणाला. ‘शून्य नको, एक नको. जे खरं आहे ते टाका.’

साहेबांचा चेहरा सैलावला. आकडा मिळाला की त्यांना बरं वाटतं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘साहेब, चार घरांत अख्खा माणूस असतो. प्रत्येक घरात पॉइंट चार माणूस नसतो. जो आहे तो पूर्ण भाजणार.’

‘पंचे, कळतंय मला,’ साहेब म्हणाले. ‘पण कोणती चार, हे आत्ता कुणाला ठाऊक?’

बाई हळूच म्हणाल्या, ‘प्रोग्रॅम एकच आकडा घेतो. अख्ख्या इमारतीला एकच.’

इथेच घोडं पेंड खात होतं. कुणी चूक बोलत नव्हतं, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी? सगळे बाईंकडे बघत होते, कारण कीबोर्ड त्यांच्यापुढे होता. त्यांनी पॉइंट चार टाकलं. पहिला एकोणऐंशी, तिसरा सत्त्याहत्तर.

बिल्डरने बाईंकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. ‘दोन मार्कांनी काही मोठा फरक नाही हो,’ तो म्हणाला. ‘तिसरा वर असता तर मी घरं कमी करायला मनाची तयारी केली असती. पण पहिल्यात घरंही जास्त आणि मार्कही जास्त. आता मी भागीदारांना काय सांगू?’

मी माझे कागद चाळले. त्यात पहिलाच स्वस्त होता.

‘बाई, छज्जे मोठे करून देऊ,’ साहेब म्हणाले. ‘पश्चिमेच्या सगळ्या खिडक्यांना.’

‘द्या,’ बाई म्हणाल्या.

कलत्या उन्हाला छज्जा काय अडवणार? ते छज्ज्याखालून वाकून आत येतं. हे साहेबांना माहीत होतं, बाईंनाही माहीत होतं. चहा आला. तो सगळ्यांनी घेतला.

मीटिंगनंतर बाई जिन्यात उभ्या होत्या. मी बाजूला जाऊन उभा राहिलो. ‘पॉइंट पाच म्हणाला असता ना,’ त्या म्हणाल्या, ‘तर झालं असतं. अर्ध्यावर तिसराच येत होता.’

‘तुम्ही टाकायचं होतं पॉइंट पाच. कोण बघत होतं?’

‘सगळेच बघत होते. आणि बघत नसते तरी नसतं टाकलं. पण राग येतो हो, पंचे. फार राग येतो.’ एवढं बोलून त्या आत गेल्या. दार नेहमीसारखं त्यांच्याच खुर्चीला लागलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाईंनीच बोलावलं होतं. दुसऱ्या इमारतीची वाट बघण्यात आता अर्थ नव्हता, म्हणून त्यांनी घरच उलटं करायचं ठरवलं होतं. यजमानांचा पलंग स्वयंपाकघरात, पूर्वेला. शेगडी आणि डबे बेडरूममध्ये. सकाळी तिथे ऊन नसतं, तेवढ्यात रांधून घ्यायचं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असा नकाशा कुणी काढला नव्हता. आम्ही काढला असता तर बाईंनीच त्याला नापास केलं असतं.

यजमान हॉलमध्ये चाकाच्या खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. ‘डावीकडे फिरवा, डावीकडे. पंचे, तुम्ही लिफ्टच्या धंद्यात असता तर अर्धं गाव मधल्या मजल्यावर लटकलं असतं.’ शब्द जड येत होते, पण चेष्टेची धार तशीच होती. पलंग अख्खा स्वयंपाकघराच्या दारातून जाईना, म्हणून मी तो तिथेच खोलायला बसलो. बाई स्वयंपाकघरातलं फळकूट पुसत होत्या. स्वयंपाकघराची भिंत माझ्या पाठीला गार लागत होती. मी मुद्दाम हात लावून पाहिला.

‘अगं,’ यजमानांनी हाक मारली, ‘त्या मीटिंगचं काय झालं ते सांगितलंच नाहीस. घर बदलून देणार होता ना तो?’

म्हणजे बाईंनी घरी सांगितलंच नव्हतं. मी खाली मान घालून नट काढत राहिलो. बाईंनी फडकं पिळलं, दाराशी आल्या आणि सगळं सांगितलं. बिल्डरची आई, दहातली चार घरं, एकोणऐंशी आणि सत्त्याहत्तर. आवाज अगदी सपाट, जसा ऑफिसात अहवाल वाचताना असतो.

यजमानांनी नीट ऐकून घेतलं. ‘म्हणजे दिवसा घरात मी पॉइंट चार?’

‘हो.’

त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली. उजवी तशीच राहिली. त्यांनी डावा हात वर केला, मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. ‘अगं, निदान अर्धा तरी धरायचा होता. ही बाजू तर पुरी चालते की माझी.’

विनोद चांगला होता. दुसऱ्या कुणी सांगितला असता तर मी खो खो हसलो असतो. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, अर्ध्याने काय झालं असतं ते. बाईंच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्या दारातच, उंबऱ्यावर बसल्या आणि पदर तोंडाला न लावता, लहान पोरासारख्या मोठ्याने रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

‘मी एक धरला होता,’ त्या म्हणाल्या. ‘अहो, मी पहिल्यांदा अख्खा एक धरला होता.’

यजमानांनी चाकाला हात घातला. एका हाताने खुर्ची ढकलली की ती सरळ जात नाही, गोल फिरते. तशीच वाकडी फिरवत फिरवत ते बाईंपर्यंत गेले.